संदर्भासहित अर्थिंग

मंडळी, ही पोस्ट जरा लांब आहे आणि थोडी तांत्रिकही आहे. ज्यांना वायरिंगचा कंटाळा आहे त्यांनी मधले परिच्छेद सोडून थेट खाली दादाच्या कॅसेटपाशी गेलं तरी चालेल. पण घरात लहान मूल असेल आणि घरीच बांधलेलं एखादं विजेचं यंत्रही असेल, तर मधलंही वाचा, एवढी विनंती.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. 'संदर्भासहित स्पष्टीकरण द्या' या प्रश्नाची किती उत्तरं तपासली असतील त्याची गणतीच नाही. गंमत अशी की, ज्या छंदात माझी निवृत्तीनंतरची वर्षं चालली आहेत त्याचं सगळं सार पुन्हा याच शब्दांपाशी येतं. अ‍ॅम्प्लिफायरमधला प्रत्येक सिग्नल कशाच्या तरी संदर्भात मोजलेला असतो. त्या संदर्भाला 'शून्य' किंवा 'ग्राउंड' म्हणतात. आणि भिंतीवरच्या सॉकेटच्या मोठ्या भोकातून येतो तो 'अर्थ'. संदर्भ वेगळा, अर्थ वेगळा. दोघांची गाठ पडायला हवी, पण एकाच ठिकाणी, आणि रीतसर. माझ्या वर्गात या दोन्हीची सरमिसळ करणाऱ्याचे दोन मार्क जायचे. इथे आधी आवाज जातो, आणि फारच बेफिकिरी केली तर माणूस.

बी.ए. झालेल्या मराठीच्या मास्तराला हे वेड कुठून लागलं, असं पुष्कळ जण विचारतात. जुन्या अकरावीपर्यंतचं विज्ञान, इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊन वाचलेले 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे अंक आणि पुण्याला गेलं की बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत घातलेल्या चकरा, एवढीच शिदोरी. पहिला अ‍ॅम्प्लिफायर एसी 187 आणि एसी 188 या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जोडीचा. मग टू-एन 3055, मग टीडीए 2030 हा आयसी. आमच्या सौ. म्हणायच्या, "तुमच्या पेटीतून गाण्याआधी भुंगाच येतो." त्यांचं काही खोटं नव्हतं. घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाणं नंतर येतं, आधी भुंगा येतो. यालाच 'हम' म्हणतात.

हा भुंगा कुठल्या सुरात गातो ते सांगतो. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 आवर्तनांची. तारेतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट शिरलेला हम 50 हर्ट्झचा असतो. ब्रिज रेक्टिफायरनंतर कंडेन्सर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला भरला जातो, म्हणून तिथला हम 100 हर्ट्झचा. पेटीवरच्या पांढरी पाचचा खालच्या सप्तकातला सूर 98 हर्ट्झचा, म्हणजे हा भुंगा जवळपास पांढरी पाचमध्ये गातो. गवई काळी एकमध्ये गात असेल तर हा त्याच्यामागे अखंड तीव्र मध्यम धरून बसतो. तंबोऱ्यांच्या मिरजेत राहणाऱ्याला हे कसं सहन व्हावं?

पण सुराचा उपयोगही आहे. खर्जातला जाड, गोल आवाज असेल तर तो बहुधा 50 चा. म्हणजे अर्थचा फेरा किंवा ट्रान्सफॉर्मरची जवळीक. जरा करकरीत, मधमाशीसारखा असेल तर 100 चा. म्हणजे रेक्टिफायर आणि कंडेन्सरचा प्रवाह नको त्या वाटेने चाललाय. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं आधी स्पीकरला कान लावायचा आणि मग पेचकस हातात घ्यायचा.

आता मुख्य विषय. अ‍ॅम्प्लिफायरला एक मोठा पॉवर सप्लाय असतो, तो स्पीकर हलवण्यासाठी. पण हल्लीच्या पेटीत त्याशिवाय बरीच पाहुणेमंडळी राहतात: टोन कंट्रोलचा प्रीअ‍ॅम्प, स्पीकर वाचवणारा रिले, ब्लूटूथचा छोटा बोर्ड, कधी पंखा. यांना 5 किंवा 12 व्होल्ट लागतात, म्हणून एक छोटा, दुय्यम सप्लाय बसवावा लागतो. त्याला ऑक्झिलरी सप्लाय म्हणतात. बांधणारा माणूस सगळं लक्ष मोठ्या सप्लायवर देतो आणि छोट्याला उरलेल्या जागेत, उरलेल्या वायरने, मिळेल त्या स्क्रूला बांधतो. लग्नघरात नवरदेवाकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि रुसतो मात्र नवऱ्याचा मावसभाऊ, तशातली गत. माझ्याकडे ज्या पेट्या 'हम येतो' म्हणून आल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींचा रुसवा या छोट्या सप्लायपाशीच होता.

ही काही आजची कथा नाही. व्हॉल्व्हच्या काळातही असाच एक मावसभाऊ असायचा. व्हॉल्व्हचा फिलामेंट तापवायला ट्रान्सफॉर्मरवर 6.3 व्होल्टचं वेगळं वाइंडिंग असे. ते नुसतंच मोकळं सोडलं तर हम. म्हणून त्याच्या मध्यबिंदूला, किंवा दोन्ही टोकांकडून 100-100 ओहमचे रेझिस्टर लावून, ग्राउंडचा आधार द्यायचे आणि दोन्ही तारांना घट्ट पीळ घालून त्या पत्र्याच्या कोपऱ्यातून न्यायचे. काही सेटमध्ये तो मध्यबिंदू अचूक साधायला छोटा पॉट असे, त्याचं इंग्रजी नाव 'हमडिंगर'. नाव ऐकून हसू येतं, पण काम चोख.

त्याच काळात बिनट्रान्सफॉर्मरचे रेडिओही होते. त्यांत घरच्या विजेची एक तार थेट चॅसीला जोडलेली असे. पिन उलटी बसली की चॅसी फेजवर! म्हणून बाहेरचं कॅबिनेट लाकडाचं किंवा बॅकेलाइटचं, आणि बटणांचे स्क्रूसुद्धा मेणाने बुजवलेले. बोट पोचू नये म्हणून एवढी काळजी. आता आपण पेटी सुंदर अ‍ॅल्युमिनियमची करतो, सगळीकडे बोट पोचतं, आणि काळजी मात्र घेत नाही.

तर झालं असं. गेल्या मे महिन्यात पुतण्या सहकुटुंब मिरजेला आला. (त्याची परवानगी घेऊनच लिहितोय. वहिनी, तुम्हीही वाचत असालच.) सोबत त्याने स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर. एलएम 3886 चे दोन बोर्ड, 24-0-24 चा गोल टोरॉइड ट्रान्सफॉर्मर, पुढे काळा अ‍ॅनोडाइज्ड पत्रा. काम इतकं देखणं की मला दादाची आठवण झाली. दादा एस.टी.त होता, पण घरात खिळा ठोकायचा तरी ओळंबा लावून. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली, 2009 मध्ये गेला.

पुतण्याने अ‍ॅम्प्लिफायर आणला होता तो दादाच्या कॅसेटसाठी. 1987 च्या सुमारास दादाने रात्री मुलाला झोपवताना सांगितलेल्या गोष्टी वहिनींनी टेपवर धरून ठेवल्या होत्या. दादाचा आवाज मुळात हळू, त्यात झोपलेल्या मुलाशेजारी बसून बोललेला. कॅसेट डेक अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टेप-आउटमधून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, असा बेत होता. पण भुंगा इतका की दादाचं निम्मं बोलणं त्याखाली गडप.

"काका, उपाय सापडलाय," तो म्हणाला आणि प्लग दाखवला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन काढून टाकलेली. "ही काढली की हम जातो. करून बघितलंय."

आणि खरंच जात होता, हीच तर मोठी अडचण आहे. चुकीचं उत्तर साफ चुकीचं असेल तर मुलं ते सोडून देतात. जे अर्धं बरोबर येतं, तेच वहीत पक्कं बसतं.

हम का जातो ते बघा. कॉम्प्युटरला तीन पिनांचा प्लग, म्हणून त्याची बॉडी भिंतीतल्या अर्थला जोडलेली. अ‍ॅम्प्लिफायरही तसाच. आता दोघांना ऑडिओ केबलने जोडलं की त्या केबलचं शिल्डही दोघांना जोडतं. म्हणजे एक पूर्ण फेरा तयार झाला: कॉम्प्युटर, शिल्ड, अ‍ॅम्प्लिफायर, अर्थची तार, भिंत, पुन्हा कॉम्प्युटर. या फेऱ्यातून घरभरच्या विजेचं चुंबकीय क्षेत्र जातं आणि त्यात बारीकसा प्रवाह फिरत राहतो. तो शिल्डमधून जाताना जो व्होल्टेज तयार होतो, तो अ‍ॅम्प्लिफायरला गाणंच वाटतो. अर्थची पिन काढली की फेरा तुटतो आणि भुंगा थांबतो.

पण त्याच क्षणी त्या सुंदर काळ्या पत्र्याला जमिनीशी जोडणारं काय उरलं? फक्त ऑडिओ केबलचं ते केसासारखं शिल्ड. केबल काढली की तेही नाही. उद्या आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडणार नाही, दिवा जाणार नाही, कसलीच खूण दिसणार नाही. पेटी गात राहील आणि 230 व्होल्ट घेऊन वाट बघत बसेल. आपल्या प्लगची अर्थ पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब का असते? जाड असते ती दुसऱ्या भोकात जाऊ नये म्हणून, आणि लांब असते ती आत शिरताना सर्वांत आधी टेकावी आणि निघताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. एवढा विचार करून केलेली गोष्ट आपण पक्कडीने उपटतो.

मी हे पुतण्याला सांगत होतो तेव्हा त्याची सहा वर्षांची लेक पेटीच्या चकचकीत बटणाशी खेळत होती. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मग पुढचं बोललो. नोकरीत असताना एका गावातल्या कार्यक्रमात मी माइकला हात लावताच मागे कोसळलेला निवेदक बघितला आहे. तो वाचला. तिथल्या साउंडवाल्याचंही म्हणणं हेच होतं: "अर्थ लावला की घुं करतंय, सर."

पुतण्या नाराज झाला. "काका, मग बाबांचा आवाज ऐकायचाच नाही का?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "ऐकायचा. पण ही पिन आधी परत लागेल. बाकी सगळं त्यानंतर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा प्लग आणला आणि आम्ही पेटी उघडली. प्लग काढून, मोठ्या कंडेन्सरमधला चार्ज रेझिस्टर लावून उतरवून, मीटरने शून्य बघून मगच हात घातला. 24-0-24 च्या ट्रान्सफॉर्मरनंतर कंडेन्सरवर दोन्ही बाजूंना साधारण 34 व्होल्ट असतात, म्हणजे टोकाटोकात 68. प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसेच राहतात.

आत काय दिसलं? मोठ्या सप्लायचं काम नीट होतं. छोट्याचं मात्र अपेक्षेप्रमाणे. 12-0-12 चा एक लहान ट्रान्सफॉर्मर, त्यावर 7812 आणि 7912, आणि त्याच्यावर प्रीअ‍ॅम्प, रिले, ब्लूटूथ अशी सगळी बिऱ्हाडं. त्याचा शून्य जवळच्या स्क्रूला, म्हणजे थेट पत्र्याला. मोठ्या सप्लायचा शून्य दुसऱ्या स्क्रूला, पुन्हा पत्र्याला. मागच्या इनपुट सॉकेटच्या बाहेरच्या कड्या तिसऱ्या ठिकाणी पत्र्यालाच टेकलेल्या. म्हणजे संदर्भ एक नाही, तीन. तीन साक्षीदारांच्या तीन तऱ्हा झाल्या की खटल्याचं काय होतं ते सांगायला नको.

इथे थोडं गणित. कंडेन्सर सतत भरला जात नाही, सेकंदाला शंभरदा झटक्याझटक्याने भरला जातो. छोट्या सप्लायलाही हे झटके अँपिअरच्या आसपास जाऊ शकतात. तारेचा किंवा पत्र्याच्या सांध्याचा रोध नुसता 0.01 ओहम धरला तरी एका अँपिअरला 0.01 व्होल्ट, म्हणजे 10 मिलिव्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायर त्याला वीसपट करतो: 0.2 व्होल्ट. शांत खोलीत तेवढा भुंगा सहज ऐकू येतो. म्हणजे जाड तार घातली की झालं, असं नाही. झटक्यांची वाट आणि गाण्याची वाट वेगळी ठेवणं हाच उपाय.

मग आम्ही असं केलं.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरची मधली तार दोन्ही कंडेन्सरच्या सांध्याला आखूड आणि जाड. हे झटक्यांचं घर. तिथे दुसरं काहीही जोडायचं नाही. त्या सांध्यापासून एकच तार काढून पुढे एका बिंदूला नेली. या बिंदूला 'स्टार' म्हणतात. स्पीकरच्या परतीच्या तारा आणि बोर्डांचे शून्य इथे, प्रत्येकाची वेगळी तार. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर प्रत्येकाने आपापला तांब्या आणावा, दुसऱ्याच्या तांब्यात हात घालू नये, तसं.

छोट्या सप्लायचा शून्य पत्र्यावरून काढला. त्याचे झटकेही त्याच्याच ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कंडेन्सरमध्ये फिरले पाहिजेत. रेग्युलेटरच्या पुढचा शून्य प्रीअ‍ॅम्पला दिला, आणि प्रीअ‍ॅम्पपासून पॉवर बोर्डाकडे जाणाऱ्या शिल्डेड वायरच्या शिल्डमधून तो स्टारपर्यंत आपोआप पोचला. मग 'खात्रीसाठी' आणखी एक तार टाकायची नाही. खात्रीसाठी टाकलेली दुसरी तार म्हणजेच नवा फेरा. डाव्या-उजव्या चॅनलच्या दोन्ही वायरी एकमेकींना चिकटून बांधल्या, म्हणजे त्यांच्यामध्ये मोकळी जागा उरत नाही आणि चुंबकीय क्षेत्राला शिरायला वाव मिळत नाही.

रिलेच्या कॉइलची परतीची तार प्रीअ‍ॅम्पच्या बोर्डावरून येत होती. ती तिथून सोडवून थेट छोट्या सप्लायच्या कंडेन्सरला नेली. प्रत्येक वेळी सुरू करताना येणारा 'टप्' गेला.

इतकं करून आम्ही सिरीज बोर्डावर, म्हणजे 100 वॉटचा जुना बल्ब मध्ये घालून, पेटी लावली. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही. (तसाच प्रखर राहिला तर ताबडतोब बंद करायचं. ही दहा रुपयांची विद्या हजारो रुपये वाचवते.) मग बल्ब काढून सरळ लाइनवर लावली. स्पीकरला कान लावला. शांत. मी विजयी मुद्रेने पुतण्याकडे बघितलं, तर त्याची लेक म्हणते, "आजोबा, शिट्टी वाजतेय."

मला काही ऐकू येईना. पुतण्याला जेमतेम. वय वाढलं की वरचे सूर आधी जातात, खर्ज राहतो. माझं भुंग्याचं निदान अजून शाबूत आहे, पण शिट्टीसाठी सहा वर्षांचा कान लागतो. तिचं म्हणणं खरं होतं. ब्लूटूथ निवडलं की शिट्टी यायची. त्या बोर्डाला शून्याच्या दोन वाटा होत्या, एक सप्लायची आणि एक ऑडिओच्या शिल्डची. त्याच्या आतला डिजिटल प्रवाह दोन्हींकडून परतत होता आणि ऑडिओच्या वाटेवर आपली पावलं उमटवत होता. त्याला एक वेगळा 9 व्होल्टचा छोटासा ट्रान्सफॉर्मर आणि 7805 दिला, पत्र्यापासून आणि बाकीच्या सप्लायपासून पूर्ण अलग. आता त्याच्या शून्याला बाहेर जायची एकच वाट, ऑडिओच्या शिल्डची. सप्लायचा प्रवाह त्याच्याच घरात फिरतो. शिट्टी गेली. "आता?" "आता नाही," असं प्रमाणपत्र मिळालं.

आता राहिला अर्थ. प्लगची हिरवी-पिवळी तार आत शिरल्या शिरल्या पत्र्याला स्वतंत्र बोल्टने कसली. पत्र्याचा काळा थर खरवडून, दातेरी वॉशर घालून. अ‍ॅनोडाइज्ड थरातून वीज जात नाही हे पुष्कळांना माहीत नसतं. बोल्ट कसलेला दिसतो, मीटर मात्र काहीच दाखवत नाही. त्या बोल्टवर दुसरं काहीही नाही. इनपुट सॉकेटना प्लास्टिकचे वॉशर घालून पत्र्यापासून अलग केलं. आणि मग स्टार आणि पत्रा यांची एकमेव गाठ: 10 ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर उलटसुलट जोडलेले दोन जाड डायोड आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर.

या गाठीची युक्ती मला फार आवडते. भुंग्याचा व्होल्टेज अगदी किरकोळ असतो, तेवढ्याने डायोड जागे होत नाहीत, आणि 10 ओहमपुढे फेऱ्यातला प्रवाह मरगळतो. पण खरंच काही बिघडलं आणि फेज आतल्या शून्यावर आला, तर डायोड तत्काळ वाट मोकळी करतात, प्रवाह अर्थकडे धावतो आणि फ्यूज उडतो. म्हणून डायोड किरकोळ चालत नाहीत, फ्यूज उडेपर्यंत तग धरणारे हवेत. किरकोळ भांडणाला दार न उघडणारा, पण आग लागली तर लाथ घालून दार तोडणारा शेजारी असावा तसे. लक्षात घ्या, पत्रा मात्र अर्थला थेटच जोडलेला. त्याच्या मध्ये काहीही नाही.

पुतण्याच्या पेटीत आणखी एक गोष्ट निघाली. फ्यूज एकच होता, मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या मापाचा. छोटा ट्रान्सफॉर्मर आत जळत असला तरी मोठ्या फ्यूजला त्याची खबर लागत नाही, कारण तो बिचारा तेवढा प्रवाहच घेत नाही. म्हणून छोट्यांना त्यांच्या मापाचे वेगळे फ्यूज दिले, फेजच्या बाजूला. आणि टोरॉइड बसवणाऱ्यांसाठी एक सूचना: मधल्या बोल्टची दोन्ही टोकं पत्र्याला लागू देऊ नका. खालचा पत्रा, बोल्ट आणि वरचं झाकण मिळून एक बंद वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाल्यासारखा तापतो.

काही जण म्हणतील, एवढा उपद्व्याप कशाला, आत मोबाइलचा चार्जर बसवला की झालं. बसवतात. पण तशा बऱ्याच सप्लायमध्ये आतल्या दोन बाजूंना जोडणारा बारीक कंडेन्सर असतो. त्यातून थोडीशी गळती होतच राहते. दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरवर लॅपटॉप लावून त्याच्या धातूवर हलकेच बोट फिरवलं की झिणझिण्या येतात, त्या याच. एरवी त्यातून इजा होत नाही, पण त्या गळतीला तुमच्या ऑडिओच्या शून्यात जागा दिलीत तर ती गाऊ लागते.

आणि हे सगळं करून भिंतीतलाच अर्थ खोटा असेल तर? जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे तार नसते. कुठे कुठे तर वायरमनने न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून ठेवलेला सापडतो. न्यूट्रल कुठे तुटला की घरातल्या सगळ्या बॉडी फेजवर! पेटी कितीही शास्त्रशुद्ध बांधा, तिचा शेवटचा भरवसा अंगणातल्या त्या खड्ड्यावर असतो. आमच्या परसात तो आहे: धातूची प्लेट, कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात मी त्यात दोन बादल्या पाणी ओततो, कारण कोरडी माती वीज घेत नाही. वायरमनकडून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतलाय, आणि त्याचं 'टेस्ट' लिहिलेलं बटण दर महिन्याला दाबतो. आमच्या सौ. होत्या तोवर त्या दिवशी फ्रिज बंद पडला म्हणून ओरडा खायचो. :-)

असो. संध्याकाळी कॅसेट लावली. कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर, म्हणजे अर्थची वाट आखूड. तिन्ही पिना जागच्या जागी. पहिल्याच मिनिटाला पुन्हा घुंऽऽ! पुतण्याचा चेहरा पडला. मी टेप थांबवली, घुं थांबलं. पुन्हा लावली, पुन्हा आलं. याचा अर्थ हा भुंगा आमचा नव्हता, टेपवरच रेकॉर्ड झालेला होता. 1987 चा भुंगा. तो वायरिंगने निघत नाही. पण वहिनींनी पुढे कधीतरी रेकॉर्डर सेलवर घेतला असावा, कारण दुसऱ्या गोष्टीपासून तो नाहीसा झाला.

आणि मग दादा बोलू लागला. टेपची सरसर होती, ती राहणारच. तिच्यामागून दादाचा आवाज, अगदी हळू. कोल्ह्याची गोष्ट. कोल्हा एस.टी.ने प्रवासाला निघतो, तिकीट काढत नाही आणि कंडक्टर त्याला पकडतो. मध्येच दादा थांबतो. पोराचा श्वास ऐकू येतो, लयीत. दादा विचारतो, झोपलास का? उत्तर नाही. मग तो उठतो, आणि जाता जाता अंगावर पांघरूण घातल्याचा आवाज.

पांघरुणाचा तो आवाज त्या भुंग्याखाली कधीच ऐकू आला नसता. पुतण्याने तो तीनदा ऐकला. त्याच्या लेकीने विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "माझे बाबा." ती म्हणाली, "मग पुढे कोल्ह्याचं काय झालं?" ते टेपवर नाही. ते आता पुतण्याने सांगायचं.

पेटी त्याच्याबरोबर पुण्याला गेली. जाताना मी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. मास्तरकीची सवय, दुसरं काय. त्यावर लिहिलेलं इथेही देतो, कुणाला उपयोगी पडलं तर:

1. पत्रा अर्थला थेट. ही तार कोणत्याही कारणाने काढायची नाही.
2. सगळ्यांचा शून्य एकाच बिंदूला, आणि तो बिंदू पत्र्याला एकाच जागी.
3. छोट्या सप्लायचे झटके छोट्याच्याच घरात. बाहेर एकच तार.
4. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला त्याच्या मापाचा फ्यूज.
5. हम आला तर आधी टेप थांबवून बघ, मग केबल काढून बघ. पक्कड सर्वांत शेवटी.

ज्यांना फेजच्या तारेची सवय नाही त्यांनी ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. आणि ही पोस्ट वाचून झाल्यावर घरातल्या एक्स्टेंशन बोर्डांचे प्लग एकदा बघून या. कुणाची तिसरी पिन नाहीशी झालेली आढळली, तर आजच नवा प्लग आणा. काय सापडलं ते मलाही कळवा.